लांब स्की कशाला, ते सांगतो

फोंडा, गोवा

प्रिय दामू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा आई बाजूला होती आणि तू मध्येच शिव्या घातल्यास. तर तू दुबईच्या त्या मॉलमधल्या बर्फाच्या उतारावर स्की करून आलास आणि आता मलाच शहाणपण शिकवतोस, की छोट्या स्कीवर एवढं मस्त जमतं मग तू त्या लांबलचक कोणाला दाखवायला घेऊन फिरतोस. मेसेजमध्ये उत्तर देण्यासारखं नाही रे हे. इथे सकाळपासून पाऊस लागलाय, लाईट गेलीय, चवथीला अजून वेळ आहे, तर निवांत वाच.

तुला भाड्याने दिल्या त्या असतील दीड-एक मीटरच्या. शिकणाऱ्याला त्याच बऱ्या, पटकन वळतात, पटकन थांबतात. डाउनहिल म्हणजे डोंगरावरून सुसाट खाली यायची शर्यत, तिच्यातली पुरुषांची स्की नियमानेच कमीत कमी २१८ सेंटिमीटर लागते. मी हात वर करून उभा राहिलो तरी टोक वरच राहतं. आणि लांबी ही अर्धीच भानगड. स्की पुढे-मागे रुंद आणि कमरेत बारीक असते, त्या वळणदार कडेचा पूर्ण गोल काढला तर तो केवढा होईल त्यावरून तिचा रेडियस सांगतात. तुझ्या स्कीचा बारा-पंधरा मीटर असेल, ह्यांचा कमीत कमी ५०. म्हणजे आख्खा गोल शंभर मीटर रुंद.

आता तू बार्जवर होतास म्हणून तुला सांगायला सोपं. भरलेली बार्ज मांडवीत वळवताना सुकाण आधी फिरवायचं आणि मग वाट बघायची, घाई केली की काय होतं ते तूच आम्हाला रंगवून सांगायचास. ह्या स्की सेम तशा. पाय झटकून वळवायला गेलास तर ढिम्म हलत नाहीत. कड बर्फात घालायची, अंग आत झुकवायचं, थांबायचं, मग ती हळूहळू वाकते, गोल लहान होतो आणि तीच तुला ओढून नेते. पण वाकायला जोर लागतो आणि तो जोर येतो वेगातून. हळू गेलास तर टोकं फडफडतात, एक स्की इकडे एक तिकडे, नवशिक्यासारखी फजिती होते. लोकांना वाटतं वेगाची भीती वाटते, पण ह्या स्कीवर मला भीती वाटते ती हळू जायची.

स्वित्झर्लंडात वेंगनला मी कामाला असतो तिथला आमचा पात्रांव, म्हणजे मालक, गावातल्या पोरांना ट्रेनिंग देतो, त्यामुळे सकाळी लिफ्ट उघडायच्या आधी जाळ्या लावलेला बंद उतार मिळतो. उघड्या पिस्टवर, म्हणजे सगळ्यांसाठीच्या स्कीच्या उतारावर, टुरिस्टांच्या मधून असलं काही करायचं म्हणजे गाढवपणा, एखादं पोर मध्ये आलं तर थांबणार कुठे? सकाळी बर्फ रात्रभर गोठून कडक असतो, कडांची घरघर पोटरीपर्यंत जाणवते. ताशी ऐंशीच्या आसपास काय होतं माहीत नाही पण फडफड बंद होते. स्की लांब असल्याने वजन पसरतं, छोटे खड्डे ती वरच्यावर पार करते, आतल्या लाकडाला वर-खाली धातूचे पत्रे असतात ते थरथर खाऊन टाकतात. मग हात तोंडापुढे, पाठ आडवी, अंड्यासारखं गोळा व्हायचं, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा अडसर चौपट होतो. शंभरच्या वेगात सेकंदाला सत्तावीस-अठ्ठावीस मीटर जातोस. तुझा दुबईचा उतार सगळा मिळून ४०० मीटर ना, पंधरा सेकंदात संपला! आणि त्या वेगात ५० मीटरच्या गोलात वळलास तर पायांवर वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. मांड्या अशा पेटतात की खाली पोचल्यावर बूट काढायला वाकता येत नाही.

म्हणून तर आता रोज संध्याकाळी बल्कांवात, घरापुढच्या ओसरीत, गुडघे वाकवून, छाती मांड्यांवर टेकवून बसतो. आई परवा विचारत होती, पोटात दुखतं का रे. शेजारच्या काकीने ओवा पाठवला.

आणि हे सगळं माझं झालं, खऱ्या रेसरांचं वेगळंच. वेंगनच्या लाउबरहॉर्नची शर्यत जवळपास साडेचार किलोमीटरची, स्कीच्या वर्ल्ड कपमधली सगळ्यात लांब, हजार मीटरच्या वर उतार, मध्ये रेल्वेच्या पुलाखालून जायचं. २०१३ मध्ये तिथे योहान क्लारे नावाच्या फ्रेंच माणसाने ताशी १६१.९ किलोमीटरचा वेग गाठला. आपल्या घाटात गाडीतसुद्धा कोणी एवढं मारत नाही, तो दोन स्कीवर. आणि तुला माहीत नसेल, भारताकडून हिवाळी ऑलिम्पिकला पहिल्यांदा उतरला तो जेरेमी बुजाकोव्स्की, १९६४ ला इन्सब्रुकमध्ये, तोही डाउनहिललाच. शर्यत पुरी झाली नाही बिचाऱ्याची, पण सुरुवातीच्या फाटकातून खाली झेप घेतली हेच मला मोठं वाटतं.

तू विचारशील मी तिथे दिवसभर काय करतो, तर बहुतेक वेळ वर्कशॉपमध्येच जातो. माझं आवडतं काम वॅक्सचं, म्हणजे स्की पळावी म्हणून तिच्या तळाला मेण लावायचं. गरम इस्त्रीला वॅक्सची कांडी टेकवायची, थेंब टोकापासून शेपटीपर्यंत पाडत जायचे, मग इस्त्री एका संथ चालीने फिरवायची, मध्ये थांबलास तर तळ जळतो. थंड झालं की प्लास्टिकच्या पट्टीने सगळं खरवडून काढायचं, मग ब्रश. पहिल्यांदा मला वाटलं एवढं लावून काढायचं कशाला, तर कामाचं तेच जे तळाच्या आत मुरतं. आधी फ्लोरिनवालं वॅक्स असायचं, भयंकर पळायचं पण माणसाला आणि पाण्याला वाईट, २०२३-२४ च्या सीझनपासून शर्यतीत बंद केलं. बरं केलं, त्याचा धूर आम्हीच खायचो ना.

तर डिसेंबरात मी परत चाललो. फेब्रुवारीत सुट्टी मिळाली तर ये. राहायचं माझ्या खोलीत, जेवायचं काय ते बघू, बाहेर खाल्लंस तर दुबईचा पगारसुद्धा पुरायचा नाही. लांब स्की तुला देणार नाही, हट्ट करू नकोस, आधी छोट्यांवर नीट थांबून दाखव. सुक्या बांगड्याचं पाकीट मात्र आण, माझं जानेवारीतच संपतं. आणि डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून कळव, तुझ्या मापाची हेल्मेटं सीझनमध्ये आधी संपतात.

तुझा,
विश्वा