प्रयोगशाळेत डायलिसिसचं पाणी बदलणाऱ्या मामांना

मामा,

काल एफटीआयआरचा, म्हणजे नमुन्यात कुठले रासायनिक गट आहेत ते दाखवणाऱ्या चाचणीचा, आलेख हातात आला. १२५० च्या आसपास सल्फेटचा पट्टा स्वच्छ दिसला आणि पहिली आठवण तुमची झाली. तोंडावर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत बीकर धुवायला लागता, म्हणून हे पत्र.

मालवणच्या खडकांवरून आणलेलं हिरवं उल्वा शेवाळ बघून तुम्ही विचारलं होतंत, "हे खात्यात व्हय?" खातात, मामा. जपानात वाळवून भातावर भुरभुरतात. त्यातल्या उल्वान नावाच्या सल्फेटयुक्त शर्करेसाठीच माझी ही धडपड.

तुमच्याआधी एका मोठ्या प्रयोगशाळेत नमुना दिला होता. दोन महिने "पुढच्या आठवड्यात" ऐकलं. बाटली परत आली तेव्हा मी लावलेली चिकटपट्टीसुद्धा कुणी काढलेली नव्हती. वर ऐकवलं, "सांगलीत बसून समुद्राचं संशोधन कशाला?" ते अजून सलतं.

आणि मग तो जूनमधला रविवार. शनिवारी रात्री बाबांना मिरजेला दवाखान्यात हलवलं आणि इकडे प्रयोगशाळेत डायलिसिसला लावलेली, म्हणजे मीठ निघून जावं म्हणून पाण्यात ठेवलेली उल्वानची पिशवी मी साफ विसरले. बाहेरचं पाणी ताजं असेपर्यंतच आतलं मीठ बाहेर येतं. दोन्हीकडे सारखं झालं की थांबतं. मग मी मीठच तोलून त्याला उल्वान म्हटलं असतं.

सोमवारी धावत आले. बीकरमध्ये नितळ पाणी. शेजारी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं पाणी बदलल्याच्या वेळा लिहिलेल्या: ७, ११, ३, ७, १०. खाली एक ओळ: "पिशवीची गाठ गळत होती, घट्ट केली."

तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी भर पावसात सांगलीवाडीहून आयर्विन पुलावरून सायकलनं आलात आणि डबा घेऊन दिवसभर थांबलात, हे वॉचमनकाकांकडून कळलं. ती गाठ सुटली असती तर तीन आठवड्यांचं काम पाण्यात होतं, आणि पावसाळ्यात त्या खडकांवर कोण उतरू देतं? पाणी का बदलायचं हे मी एकदाच, चहा पिता पिता सांगितलं होतं. तुम्ही ते लक्षात ठेवलंत. इतकं मन लावून माझं काम तोवर कुणी ऐकलंच नव्हतं. दुसऱ्याचं काम आपलं मानणारी अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं.

तो कागद माझ्या वहीत त्या तारखेच्या पानावर चिकटवलाय. प्रबंधात सरांच्या नावाखाली लगेच तुमचं नाव येईल, नको म्हणू नका.

बाबा आता बरे आहेत. बुधवारी पुढची पिशवी लावतेय. गाठ तुम्हीच मारा.