आधी बाईला टाइमवर जेवू द्या, मग क्रेविंगचं बोलू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला माइंडफुल इटिंगवरचा, म्हणजे लक्ष देऊन सावकाश खाण्यावरचा लेख आमच्या घरी मोठ्यानं वाचून झाला. लेख चांगलाय, जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ताण कमी करायचा कोर्स सुरू केला अन् त्यात एकच मनुका हातात घेऊन आधी नीट बघायचा, वास घ्यायचा, मग जिभेवर ठेवून सावकाश चावायचा असं शिकवतात, ही माहिती आवडली. पण एवढं सगळं सांगून लेख शेवटी येऊन थांबला कुठं तर क्रेविंग झालं, म्हणजे खायची तलफ आली, की "मनावर ताबा ठेवा" वर, आणि त्याच पुरवणीत मागच्या पानावर चीज पराठ्याची रेसिपी, बटर सढळ हातानं घाला म्हणून! असो. पटत नाही ते ताब्याचंच, म्हणून लिहायलेय.

आमच्या परभणी-हिंगोलीकडं घरातली बाई जेवती कशी ते आधी बघा. पहाटे उठायचं, चहा घ्यायचा, डबे करायचे, भाकरी थापायच्या, परत चहा, पाणी आलं की ते भरायचं, सगळे जेवून गेले की मग तिच्या तोंडात घास पडतो दोन-अडीच वाजता आणि तोही बहुतेक वेळा ओट्याला टेकून उभ्या-उभ्याच. ह्या बाईनं चार वाजता शेवचा डबा उघडला की तिला स्वतःलाच वाटतं आपल्या जिभेला चटक लागलीय, घरचे पण तेच म्हणतात, आणि आता पेपरात पण तेच आलं. अहो ती पोटाची भूक आहे, खरीखुरी. सकाळपासून नुसत्या गोड चहावर काढल्यावर शरीर काहीतरी मागणारच की, त्यात मनाचा काय संबंध?

मनाची भूक वेगळी असते, ती ओळखू येते. पोटाची भूक हळूहळू चढत जाते आणि तिला भाकरी-वरण, कालचा भात, मुरमुऱ्याचा सुशीला, काहीही चालतं. मनाची भूक एकदम उठते अन् तिला ठरलेलंच लागतं, भजेच पाहिजेत, नाहीतर चहासोबत खारीच, आणि पोट तट्ट झालं तरी हात डब्यातच राहतो. कुणाचा तरी फोन येतो, माहेरचं काही निघतं, पिकाला भाव नाही म्हणून घरात चिडचिड चालू असते, आणि आपण स्वयंपाकघरात जाऊन झाकणं उघडून बघायला लागतो. ताण फार दिवस राहिला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन चढं राहतं आणि मग गोड, तेलकट खावं वाटतं. झोप अपुरी झाली तरी तेच, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी पडतं. रात्री बाराला झोपून पहाटे उठणाऱ्या बाईला ताबा ठेव म्हणून सांगून काय होणारे?

आता उरलंसुरलं खायचं बघा, लेखात ह्याचा एक शब्द नव्हता आणि मला वाटतं आपल्याकडं सगळ्यात जास्त खाणं इथंच होतं. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी १९७२ चा दुष्काळ काढलाय, खडी फोडायला दुष्काळी कामावर गेलेले लोक, परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी अन् सुकडी खाऊन लेकरं जगवलीत. त्यांच्या डोळ्यादेखत ताटात घास टाकायची हिंमत आजही कुणाची होत नाही, अन् होऊ पण नाही. पण होतंय काय, लेकराच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्यातला चमचाभर भात, वाटीत राहिलेली भाजी हे सगळं जातं आईच्या पोटात, तिचं स्वतःचं जेवण झालेलं असताना. तिला ते खाल्ल्यासारखं पण वाटत नाही कारण ते ताटात वाढून घेतलेलं नसतं! ह्याला उपाय मनाचा नाही, वाढायचा आहे. लेकराला आधी अर्धीच वाढा, लागली तर परत द्या, उरलेल्या भाकरीचा सकाळी कांदा घालून कुस्करा करा. अन्न वाया गेलं नाही आणि आईचं पोट म्हणजे उरलेलं टाकायची जागा पण झाली नाही.

लातूरला नीटच्या तयारीसाठी लेकरू ठेवलं की कितीतरी आया एक खोली किरायानं घेऊन दोन-दोन वर्षं तिथंच राहतात. लेकरू दिवसभर क्लासला, ही एकटी चार भिंतीत, शेजारी ओळखीचं कुणी नाही, टेन्शन मार्कांचं, अन् गावाकडून आलेला चिवडा-लाडूचा डबा समोर. तिथं काय भूक लागत असती का हो, तिथं तर वेळ खायला उठतो. अशा बायांनी दुपारी मिळून बसावं, फिरून यावं, कुणीतरी त्यांना रोज फोन तरी करावा असं मला वाटतं, डाएट चार्ट नंतर.

आता जे घरात खरंच जमण्यासारखं आहे ते सांगते. शेव-फरसाण पुडीतून खायचं नाही, वाटीत काढायचं आणि डबा वरच्या फळीवर ठेवून बसूनच खायचं. एकदम बंद करू नका, बंद केलेलंच जास्त आठवतं अन् मग एका दिवशी सगळा डबा संपतो, वरून रडू येतं ते वेगळंच. इच्छा झाली की दहा-पंधरा मिनिटं थांबून बघा, पाणी प्या, अंगणात जा, बहुतेक वेळा ती लाट ओसरते आणि नाही ओसरली तर खा की, चव घेऊन खा. जेवताना मोबाईल, टीव्ही बंद. पोट भरल्याचा निरोप डोक्यात पोचायला वीसेक मिनिटं लागतात आणि आपण सीरियल बघत पाच मिनिटात ताट रिकामं करतो. ज्वारीची भाकरी ह्यात फार कामाची, चावल्याशिवाय ती गिळताच येत नाही, उगं ओट्स-किनोआच्या मागं लागायची गरज नाही. आणि चहा! जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर जास्त चांगलं, आणि आपल्याकडं पाहुण्याला "अर्धा कप तरी घ्या" म्हणत आपण पण सोबत घेतो, असे तीन-चार कप झाले की साखरेचा हिशोब दुपारीच संपला.

पण शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी ते वरचं दहा-पंधरा मिनिटं थांबून बघायचं करू नये. हातपाय थरथरणं, घाम फुटणं, एकदम भूक लागणं ही शुगर उतरल्याची खूण असू शकते, तिथं लगेच साखर-ग्लुकोज घ्यायचं आणि नंतर डॉक्टरला सांगायचं. आणि ज्यांचं खाणं हाताबाहेरच गेलंय, लपून खातात, खाऊन स्वतःची घाण वाटते, त्यांना लाडावलेली जीभ म्हणून हसू नका. २०१३ पासून हा आजार म्हणून डॉक्टरांच्या यादीत वेगळा नोंदलेला आहे आणि त्याच्यावर इलाज होतो. सरकारच्या टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पुरवणीच्या त्या पानावर रेसिपीच्या वर हा नंबर ठळक छापला तर बरं होईल.

आपली एक वाचक,
परभणी