मासे खाल्ले, वय वाढले

‘सांगाडा अमुक वर्षांपूर्वीचा’ अशी बातमी छापताना पुढची अधिक-उणे वर्षे सहसा गाळली जातात. हाड मासेखाऊ माणसाचे असेल, तर तेवढ्यानेही भागत नाही. हाडाचे वय त्यातला किरणोत्सारी कार्बन किती उरला यावरून काढतात, आणि खोल समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असतो. तो माशांतून हाडात उतरतो आणि माणूस कागदोपत्री शे-दोनशे वर्षांनी म्हातारा होतो.

इंग्लंडमधल्या रेप्टनचेच पाहा. तिथल्या सामूहिक दफनात किमान २६४ जणांची हाडे निघाली. सोबतची नाणी इ. स. ८७२ ते ८७५ मधली, म्हणजे ८७३-७४ चा हिवाळा तिथे काढलेल्या व्हायकिंग सैन्याशी जुळणारी. पण काही हाडांची तारीख सातव्या-आठव्या शतकातली आली आणि घोळ झाला. आहारातल्या माशांचा हिशेब धरल्यावर २०१८ मध्ये मेळ बसला.

हा हिशेबही ढोबळच. निव्वळ समुद्री कार्बनवर वाढलेल्या जिवाच्या वयातून जी वर्षे वजा करायची, ती वजावट जगाच्या सरासरीने पूर्वी सुमारे ४०० वर्षे धरत (माणसाला ती माशांच्या वाट्यापुरतीच लागते), २०२० च्या सुधारित मोजणीत ती ५५० च्या आसपास गेली. शिवाय ती किनाऱ्यागणिक बदलते. आमच्या अरबी समुद्रात मोसमी वारे खालचे जुने पाणी वर आणतात. कोकणातल्या शिंपल्याला नॉर्वेची वजावट कशी चालेल? तारखेसोबत वजावट कोणती धरली, तेही छापत जा.

– एक मासेखाऊ वाचक, मालवण