अकरा तालुके, अकरा चौकटी, प्रमाण मात्र एकच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की वृत्तपत्रांत तालुकानिहाय पावसाचे आलेख येऊ लागतात. काही आलेखांत एकाच चौकटीत सोलापूर जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांच्या अकरा रेषा असतात. मागावरचे सूत गुंतावे तशा त्या गुंततात, आणि आतल्या काळ्या-पांढऱ्या पानावर मोहोळची रेषा कोणती व माढ्याची कोणती हे ओळखताच येत नाही. काही ठिकाणी प्रत्येक तालुक्याचा वेगळा आलेख असतो, पण त्यांचे य-अक्ष वेगवेगळे असतात. आमच्या मते हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे. एका आलेखाचा अक्ष २०० मिलिमीटरला संपतो, शेजारचा ६०० ला, आणि दोन्ही रेषा सारख्याच उंच दिसतात. गुंता झाला की वाचक निदान आलेख सोडून तरी देतो. इथे तो चुकीचे वाचतो आणि त्यावर विश्वासही ठेवतो.

शाळेत आलेख काढताना वरच्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ लिहायला लावतात. तोच नियम इथे हवा. अकरा छोटे पॅनेल म्हणजे चौकटी, प्रत्येकात एक तालुका, आणि सगळ्यांना क्ष व य दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण. संख्याशास्त्रात ही पद्धत रुळलेली आहे. १९९० च्या दशकात बेल लॅब्स या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेमध्ये विल्यम क्लीव्हलँड, रिचर्ड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला ‘ट्रेलिस’ या नावाने संगणकावर आणले. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दीपायन सरकार यांचे ‘लॅटिस’ हे पॅकेज (जोड-संच) तेच काम करते आणि ते ‘आर’सोबतच येते. ‘आर’च्याच, हॅडली विकहॅम यांच्या ‘जीजीप्लॉट२’ या पॅकेजमध्ये त्यासाठी ‘फॅसेट रॅप’ आणि ‘फॅसेट ग्रिड’ या आज्ञा आहेत. आज्ञा एका ओळीची आहे. बिघडते ते तिच्या आधी आणि नंतर.

आधी तक्ता. कार्यालयांतून येणाऱ्या तक्त्यात तालुके आडवे आणि तारखा उभ्या असतात. पॅनेलसाठी तो लांबट करावा लागतो: एका ओळीत एक तालुका, एक दिवस, एक आकडा. तालुक्याच्या नावांची लेखनपद्धतही एकच हवी. कुठे ‘मंगळवेढा’, कुठे ‘मंगळवेढे’, कुठे नावापुढे एक अदृश्य रिकामी जागा. संगणकाला हे तीन तालुके वाटतात. जिल्ह्यात तालुके अकरा आणि आलेखात पॅनेल तेरा दिसले, तर प्रथम इथेच पाहावे.

रोजच्या पावसाचे स्तंभ काढण्यापेक्षा १ जूनपासूनचा एकत्रित पाऊस काढावा. त्या रेषेवर पावसाचा खंड आडव्या पट्टीसारखा उठून दिसतो आणि खंडानंतरची भरपाईही दिसते. ‘सरासरीच्या शंभर टक्के’ या आकड्यात हे दिसत नाही. तो सगळा पाऊस सप्टेंबरात पडला असेल तर रब्बी ज्वारीला तो लाभतो. उडीद-मुगाला त्याचा काय उपयोग? क्ष-अक्षावर तारीख न घेता दिवसाचा क्रमांक घ्यावा: १ जून हा पहिला, ३० सप्टेंबर हा १२२ वा. तारीखच ठेवली तर मागची वर्षे एकमेकांवर न येता शेजारी-शेजारी पसरतात.

बेरीज करण्यापूर्वी ओळी तालुक्याने आणि मग तारखेने लावाव्यात, आणि तालुका व वर्ष या दोन्हींनी गट पाडावेत. गट पाडायचे राहिले तर अक्कलकोटची बेरीज संपते तिथून पुढच्या तालुक्याची सुरू होते आणि शेवटच्या पॅनेलमध्ये काही हजार मिलिमीटर पाऊस दिसतो. ही चूक निदान डोळ्यांत भरते. नोंद न झालेल्या दिवसाची चूक भरत नाही. आकडा नसलेला दिवस तसाच ठेवला तर ‘आर’मधली एकत्रित बेरीज तिथून पुढे पूर्ण रिकामी होते आणि रेषा हंगामाच्या मध्येच तुटते. मग घाईने तिथे शून्य भरले जाते. नोंद नाही आणि पाऊस नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते दिवस शेजारच्या महसूल मंडळांच्या नोंदींवरून भरावेत आणि तसे आलेखाखाली लिहावे, किंवा रेषा तुटकीच ठेवावी.

आता गट. पॅनेल तालुक्याचे, आणि पॅनेलच्या आत रेषा वर्षांच्या. ‘जीजीप्लॉट२’मध्ये वर्ष हा साधा आकडा राहिला तर सॉफ्टवेअर सगळी वर्षे एकाच रेषेत ओवते आणि करवतीच्या दातांसारखी आकृती येते, वर्षाला ‘फॅक्टर’ (आकडा नव्हे, गटाचे नाव) केले की प्रत्येक वर्षाची रेषा सुटी होते. ‘लॅटिस’मध्ये वेगळी अडचण आहे. तिथे बिंदू तक्त्यातल्या क्रमानेच जोडले जातात, म्हणून ओळी तारखेने लावलेल्या नसतील तर रेषा मागे-पुढे धावते. छापील पानासाठी चालू वर्षाची रेषा जाड काळी आणि मागच्या वर्षांच्या बारीक करड्या ठेवाव्यात. रंग लागत नाहीत.

पॅनेलच्या क्रमाकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. सांगितले नाही तर सॉफ्टवेअर नावे वर्णानुक्रमे लावते: अक्कलकोट, उत्तर सोलापूर, करमाळा, दक्षिण सोलापूर. उत्तर आणि दक्षिण सोलापूरच्या मध्ये करमाळा! आपल्या जिल्ह्याचा आकार यासाठी फार सोयीचा आहे. चार रकाने आणि तीन ओळी घ्या. वरच्या ओळीत करमाळा, माढा, बार्शी. मधल्या ओळीत माळशिरस, पंढरपूर, मोहोळ, उत्तर सोलापूर. खालच्या ओळीत सांगोला, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट. अकरा पॅनेल ढोबळमानाने नकाशासारखेच बसतात आणि वर उजवीकडे एक घर मोकळे राहते. कोणती रेषा कोणत्या वर्षाची हा खुलासा तिथे छापावा. पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस कसा बदलतो हे वाचकाला नकाशा न उघडता कळते, आणि पंढरपूरचा माणूस आपले पॅनेल न शोधता गाठतो.

हे जमवायला ‘आर’च्या ‘जिओफॅसेट’ या पॅकेजला प्रत्येक तालुक्याची ओळ व रकाना सांगणारा छोटा तक्ता द्यावा लागतो. ‘लॅटिस’मध्ये मांडणी चार-तीन सांगून चौथे घर ‘स्किप’ने वगळता येते. लक्षात ठेवायचे ते असे, की ‘लॅटिस’ पॅनेल खालच्या डाव्या कोपऱ्यापासून भरायला लागते. ‘अ‍ॅज टेबल’ हा पर्याय चालू केला नाही तर करमाळा तळाशी जातो. मांडणीत ते रकाने आधी आणि ओळी नंतर विचारते, हेही अनेकांना चकवते.

प्रमाण मोकळे सोडण्याची वेळ येते, पण ती वेगळ्या कामासाठी. बाजार समितीतली कांद्याची आवक क्विंटलमध्ये, सर्वसाधारण दर रुपयांत आणि उजनीचा साठा टक्क्यांत असे एकाखाली एक दाखवायचे असेल तर एकच य-अक्ष निरर्थक आहे. तिथे ‘फॅसेट ग्रिड’ घेऊन फक्त य-अक्ष मोकळा करावा. त्यात एका आडव्या ओळीतल्या सगळ्या पॅनेलना एकच प्रमाण राहते; ‘फॅसेट रॅप’मध्ये मोकळे केले तर प्रत्येक पॅनेलचे प्रमाण वेगळे होते. मोजायची गोष्ट एकच, पण सोलापूरच्या बाजाराची आवक प्रचंड आणि छोट्या बाजाराची थोडी, अशा वेळी लॉग प्रमाण (१०, १००, १००० सारख्या अंतरावर) वापरावे. त्यात दुप्पट वाढ सगळीकडे सारख्याच उंचीची दिसते.

मराठी नावांचा त्रास वेगळाच. ‘आर’च्या नेहमीच्या पीडीएफमध्ये देवनागरी उमटतच नाही: अक्षरांच्या जागी नुसती टिंबे येतात. ‘रॅग’ पॅकेज बसवून ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) पीएनजी चित्रफाइल काढावी आणि नोटो सान्स देवनागरीसारखा फाँट घ्यावा. आलेख ज्या मापात छापायचा त्याच मापात काढावा, उदाहरणार्थ १६ सेंटिमीटर रुंद आणि १३ उंच, अक्षरे ८ पॉइंटची. पडद्यावर मोठा काढून पानात आवळला की तालुक्यांची नावेच वाचता येत नाहीत.

‘आर’ नको असेल तर एक्सेलमध्येही चालेल, फक्त कष्ट पडतात. अकरा आलेखांपैकी प्रत्येकाच्या य-अक्षाचे किमान आणि कमाल मूल्य हाताने सारखेच भरावे लागते. आपोआप ठेवले की एक्सेल प्रत्येकाला स्वतःचे प्रमाण देते. स्पार्कलाइन (एकाच घरात मावणारा छोटा आलेख) वापरत असाल तर अक्षाच्या पर्यायांत किमान व कमाल दोन्हींना ‘सेम फॉर ऑल स्पार्कलाइन्स’ निवडावे. एकालाच निवडले तर तुलना फसते.

आपल्या दैनिकाला विनंती अशी, की या हंगामापासून तालुक्यांचा पाऊस या मांडणीत आठवड्यातून एकदा द्यावा, आणि खाली मोजमापाचे एकक, कोणत्या तारखेपर्यंतच्या नोंदी आणि किती महसूल मंडळांची सरासरी, या तीन गोष्टी छापाव्यात. जिल्ह्यातल्या कार्यालयांनीही आडव्या तक्त्याच्या चित्राऐवजी लांबट तक्त्याची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली साधी) फाइल दिली, तर हा आलेख दर आठवड्याला काही मिनिटांत निघेल.

आपले,
संख्याशास्त्राचे दोन अध्यापक, सोलापूर