आई, बटाटे उकडून ठेव

विलेपार्ले (पूर्व), मुंबई
गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय म्हणून अक्षर मोठं काढतेय, तरी आईनेच वाचून दाखवावं. फोनवर माझा आवाज जरा जड झाला की आई, तुला लगेच कळतं. तू गप्प होतेस, मग मलाही पुढे बोलवत नाही. म्हणून लिहितेय. उद्या सकाळी स्पीड पोस्टाने टाकते, शनिवारपर्यंत मिळेल.

आधी एक कबुली देते. सोमवारपासून तू रोज रात्री विचारतेस, "जेवलीस का गं?" आणि मी "वरणभात केला होता" म्हणते. केला नव्हता. बंगळुरूला जायचं म्हणून सोमवारीच गॅसचं कनेक्शन बंद केलं, सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून आले. कुकर, तवा, पोळपाट सगळं खोक्यात गेलंय. चारही रात्री मी खाली कोपऱ्यावरचं टोस्ट सँडविच खाऊन झोपलेय. रागावू नकोस. उपाशी नव्हते, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही घशाखाली उतरलंही नसतं.

बाबा, तो कोपरा तुम्हाला आठवतोय का? 2011 च्या जूनमध्ये तुम्ही मला सोडायला आला होतात. सिद्धेश्वर एक्सप्रेसने पहाटे दादरला उतरलो, लोकल बदलून पार्ल्यात आलो, तर स्टेशनाबाहेर बिस्किटांचा गोड वास. तुम्ही ट्रंक खाली ठेवून उभेच राहिलात आणि एका रिक्षावाल्याला विचारलंत, "हा वास कसला हो?" तो म्हणाला, पार्ले-जीची फॅक्टरी. 2016 मध्ये ती बंद झाली, तो वासही गेला. पण अजून पावसाळ्यात पुलावरून उतरताना माझं नाक तो शोधतं.

त्या दिवशी खोलीची किल्ली मिळेपर्यंत दुपार झाली. तुम्हाला हॉटेलात बसायचं नव्हतं, पैसे जपून वापरायचे होते. कोपऱ्यावर सँडविचवाले काका होते, तेव्हा त्यांचे केस काळे होते. दोन टोस्ट घेतले. तुम्ही एक तुकडा खाल्लात आणि म्हणालात, "चांगलंय, पण याला तिखट म्हणत नाहीत." मग पिशवीतून आईने दिलेली शेंगा चटणीची बरणी काढलीत, झाकण उघडलंत आणि माझ्या प्रत्येक तुकड्यावर चिमूट चिमूट चटणी दाबून बसवलीत. काका बघत होते. त्यांनी हात पुढे केला, तुम्ही त्यांच्याही तळहातावर घातलीत.

तेव्हापासून मी तेच सँडविच खातेय. बरणी घेऊन खाली जायचं आणि काकांनी विचारायचं, "आली का सोलापूरची?" चटणी बाहेरून लावण्यापेक्षा आत घालावी, हे त्यांनीच काढलं. किती वेळा पाहिलंय मी ते! विब्स ब्रेडच्या दोन स्लाइस आडव्या ठेवायच्या, अमूल बटर अगदी कडेपर्यंत लावायचं, त्यावर कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी. उकडलेला बटाटा तळहातावरच धरून सुरीने चकत्या. आपली चटणी सुकी, म्हणून ती ब्रेडवर न घालता बटाट्याच्या चकतीवर अंगठ्याने दाबून बसवायची, नाहीतर सांडते. मग बीट, काकडी, टोमॅटो, कांदा, प्रत्येक थरावर मसाल्याची भुरभुर. वरची स्लाइस ठेवून लांब दांड्याच्या टोस्टरमध्ये बंद करायचं, बाहेर आलेल्या कडा सुरीने उडवायच्या आणि शेगडीवर. एकदा उघडून बटर, पलटून पुन्हा बटर. मग खटखट सहा तुकडे. पहिला घास घेताना आतल्या शेंगदाण्याला तेल सुटलेलं असतं, ते लसणासकट बटाट्यात मुरलेलं असतं, आणि आई, ती चव थेट आपल्या स्वयंपाकघराची असते. बाकी सगळं मुंबईचं, मधली चटणी तेवढी घरची.

मंगळवारी मी ओट्याखालचं कपाट रिकामं करत होते. मागच्या बाजूला तुझ्या बरण्या निघाल्या. रिकाम्या, धुऊन ठेवलेल्या. मोजल्या तर तेवीस. टाकायच्या राहून गेल्या असं मी स्वतःशी म्हणत होते, पण त्या मी टाकलेल्याच नव्हत्या. कित्येकांवर तुझ्या हातच्या चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या. "गड्ड्याच्या जत्रेआदल्या दिवशी कुटली." "लसूण कमी आहे, महाग झालाय." "तिखट जपून, यंदाची मिरची तेज आहे." एकीवर नुसतं "लवकर ये" लिहिलंय, ती कधीची ते मला आठवतच नाही. तिथेच फरशीवर बसले आणि पोटभर रडले. त्या दिवशी पुढे एक वस्तू बांधून झाली नाही.

आई, बाबा, मला जे फोनवर सांगता येत नव्हतं ते हे. बंगळुरूची नोकरी चांगली आहे, मी विचार करूनच घेतलीय. पण तुम्ही दोघं म्हणत होतात, आता सोलापूरला ये, आणि मी घराच्या पुढे निघून चाललेय. मुंबईहून निदान रात्री गाडीत बसलं की सकाळी मी तुमच्या हातचा चहा प्यायला हजर असायचे. आता अंतर साडेचारशे किलोमीटरचं सहाशेच्या वर जाईल. आईचे गुडघे, बाबांचे डोळे, वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी, सगळं रात्री डोळ्यासमोर येतं. मुंबईत पहिल्या दिवशी बाबा बरोबर होते. तिथे स्टेशनवर मी एकटीच उतरणार, याची मला या वयातही भीती वाटतेय.

मंगळवारी संध्याकाळी शेवटच्या बरणीत तळाला चार बोटं चटणी होती. ती घेऊन खाली गेले. माझे डोळे सुजलेले दिसत असणार, काकांनी काही विचारलं नाही. सँडविच नेहमीपेक्षा सावकाश भाजलं, वर शेव जास्त घातली आणि बसायला स्वतःचं स्टूल दिलं. मी सहाही तुकडे गरम गरम खाल्ले. वर आले, दिवा लावला आणि पुस्तकांचं पहिलं खोकं बांधलं. बुधवारीही तसंच झालं. दिवसभर हात चालत नव्हते, संध्याकाळी खाऊन आले की चालायला लागायचे.

आता बहुतेक सगळं झालंय. मिक्सर आणि काचेचे ग्लास चादरींत गुंडाळलेत. बाबा, तुमच्या लूमवरची मोराची चादर मात्र मी खोक्यात घातली नाही, ती माझ्याबरोबर गाडीत असेल. सामान बांधायला आलेल्या मुलाने ती दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली आणि म्हणाला, "ही खरी सोलापुरी, नक्षी दोन्हीकडून सारखी आहे." 2005 मध्ये चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तुम्ही अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते, ते मी त्याला सांगितलं. त्याने ती घडी घालून माझ्या हातात दिली, तेव्हा तुम्ही तिथे असायला हवे होतात.

आज काकांना विचारलं, असा टोस्टर कुठे मिळेल? म्हणाले, भांड्यांच्या दुकानात कुठेही, पण नवा टोस्टर पहिले काही दिवस ब्रेड धरून ठेवतो, सोडत नाही. मग गाडीखाली हात घालून त्यांनी आपला जुना काढला. लाकडी मूठ हलते म्हणून तार गुंडाळलीय, आतून काळा तुकतुकीत. पैसे घेईनात. म्हणाले, "वडिलांना नमस्कार सांगा. पहिल्या दिवशी त्यांनी हातावर चटणी घातली होती." बाबा, त्यांना तुम्ही आठवता.

ट्रक रविवारी निघेल. मी सोमवारी सकाळच्या उद्यान एक्सप्रेसने येतेय, आणि थेट बंगळुरूला न जाता सोलापूरला उतरतेय. ऑफिसकडून दोन दिवस मागून घेतलेत, तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतेय. दुपारी चारच्या सुमाराला गाडी पोचेल. बाबा, स्टेशनवर येऊ नका, उन्हात डोळ्याला त्रास होईल, मी रिक्षाने येईन.

आई, चार बटाटे उकडून ठेव. बीट मिळालं तर एक आण, तेही उकड. काकडी, कोथिंबीर घरात असेलच. ब्रेड आणि बटर मी इथून आणतेय, टोस्टर पिशवीत सगळ्यात वर ठेवलाय. चटणी मात्र ताजी कुटू नकोस, गुडघ्यांना ताण नको. खलबत्ता काढून ठेव, मी आल्यावर कुटते, तू लसूण किती ते सांग.

तुमची,
मनू

ता. क. तेवीस बरण्या परत आणतेय.