मिरजेहून, नाताळ उरकल्यावर

मिरज,
३ जानेवारी

प्रिय सुहास,

सलाम. तुझा पंचवीस तारखेचा मेसेज त्याच दिवशी पाहिला होता, उत्तराला सवड आज मिळाली. मांडववाल्याचा हिशोब काल मिटला. दोन खुर्च्या कमी भरल्या, त्यांचे पैसे मी मुकाट्यानं खिशातून दिले, तेव्हा कुठं नाताळ संपल्यासारखं वाटलं.

खिशातून का, तर यंदा मी वडील झालोय. हसू नकोस. लहानपणी पाळकसाहेब “आता वडील पुढे येतील” म्हणाले की तू पेटीमागून माझ्या बाबांकडे बघायचास आणि ते जागचे हलले नाहीत की गोंधळायचास, आठवतंय? वडील म्हणजे चर्चच्या मंडळीनं, सभासदांनी, निवडून दिलेला कारभारी. प्रेस्बिटेरियन हे नावच त्यावरून पडलंय. ग्रीकमध्ये ‘प्रेस्बिटेरॉस’ म्हणजे वयानं मोठा, वडील. बिशपनं वरून हुकूम सोडायचा, ही रीत या लोकांना मूळची मान्य नव्हती. पाळक आणि वडील एकत्र बसणार, वाद घालणार आणि ठरवणार. १९७० साली बऱ्याच मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा बिशपही आले. (मिरज नॉर्थ इंडियात कधी गेली, हे तू एकदा माझ्या आजीला विचारलं होतंस. ती अजून असती तर अजून चिडलेली असती.) पाळक-वडिलांच्या बैठकीचं जुनं नाव ‘सेशन’. कागदावर आता कमिटी आहे, पण तोंडातनं ‘सेशन’ काही जात नाही.

तर सेशनमध्ये बसून आपण मोठमोठे निर्णय घेणार, अशी माझी समजूत होती. पहिल्याच बैठकीत दीड तास चर्चा झाली ती फराळाच्या पुड्यात चकल्या दोन घालायच्या की तीन यावर. पाळकसाहेब शेवटी म्हणाले, आपले पूर्वज वरून बघत असतील तर कपाळावर हात मारत असतील. मग त्यांनी जे सांगितलं ते मला या वयापर्यंत ठाऊक नव्हतं. या पंथाची मुळं स्कॉटलंडात, आणि तिथल्या जुन्या मंडळींना नाताळ अजिबात खपत नव्हता. बायबलात तारीख नाही, मग सण कुठला? १६४० साली तिथल्या संसदेनं नाताळची सुट्टीच रद्द केली. पुढं किती काळ लोक त्या दिवशी कामावर जात असतील बघ, कारण स्कॉटलंडात नाताळची सरकारी सुट्टी सुरू झाली ती १९५८ साली! आणि आमच्याकडं महिला मंडळ नोव्हेंबरातच डालड्याचे डबे मोजायला बसतं.

मी तेव्हापासून विचार करतोय. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२मध्ये कोल्हापुरात आला, पुढं १८७०मध्ये ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं, १८९४मध्ये मिशनच्या डॉक्टर वॉनलेसनं इथं मिरजेत दवाखाना उघडला. साहेबांनी प्रार्थना शिकवली, टाके घालायला शिकवलं, हिशोब लिहायला तर फारच शिकवलं. पण करंजी साहेबानं शिकवली नसणार. माझा आपला अंदाज, आमचा नाताळ पुलपिटावरून, पाळकाच्या व्यासपीठावरून, आलाच नाही, तो चुलीकडून आला. दिवाळी सुटलेल्या बायकांनी कढई तेवढी सोडली नाही.

यंदाच्या करंज्या एकवीस तारखेला चर्चच्या मागच्या हॉलमध्ये झाल्या. सतरंजीवर तीन ओळी, मध्ये परात. मला गॅसच्या टाक्या आणून द्यायचं काम होतं, पण मी तिथंच रेंगाळलो. शेवटच्या ओळीत एक नवी सून बसली होती, पुण्याची. ती कातणं कडेच्या फार आतून फिरवत होती, त्यामुळे सारणाला जागा उरत नव्हती आणि तळताना दोन करंज्या फुटल्या. शेजारच्या काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि कातण्यासकट एक करंजी फिरवून दिली, पुन्हा आपल्या पोळपाटाकडं वळल्या. पुढची करंजी नीट झाली. चकल्या अखेर तीनच घातल्या. सेशननं दोन ठरवल्या होत्या, पण आम्हाला विचारतो कोण?

एक काम मात्र मला मनापासून आवडलं. तुला तो काचेच्या इवल्या पेल्यांचा ट्रे आठवत असेल, प्रभुभोजनाचा, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि रस घेतात त्याचा. त्यातला रस कुठून येतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तासगावचे बेदाणे! आदल्या रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळायचे, कुस्करून फडक्यातून गाळायचे. साखर घालायची नाही, यावर आमच्या खजिनदारबाई ठाम. भाकर आणि पेले बाकाबाकांवर फिरवणं हे वडिलांचं काम. आणि ज्यांना चर्चला येता येत नाही त्यांच्या घरी पाळकांबरोबर जायचं, तेही आमच्याकडंच. यादीत पहिलं नाव सिस्टरमावशीचं.

होय, अजून आहे. अठ्ठ्याऐंशी पुरी झाली. दवाखान्यातून निवृत्त होऊन तीस वर्षं होत आली, तरी घड्याळ अजून साडीला पिन करूनच लावते. पाळकसाहेबांनी वचन वाचलं आणि मी पेला पुढं केला. हात असा थरथरत होता की रस बशीत सांडला. तिनं माझं मनगट धरलं, नाडी बघतात तसं, आणि म्हणाली, “गडबड करू नकोस. तू जन्मलास तेव्हा मीच ड्यूटीवर होते. तेव्हाही तू असाच गडबडीत होतास.” पाळकसाहेबांना प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागली.

कॅरोलची फेरी तेवीस तारखेला निघाली. पोरांनी टेम्पोत स्पीकर, कीबोर्ड, वर मोठा तारा, सगळं चढवलं होतं. गाणी बरी बसवली होती, खोटं कशाला बोलू. पण दहा वाजले की स्पीकर बंद करावा लागतो, आणि आम्ही घरोघरी चहा पीत पीत इतके रेंगाळलो की मावशीच्या दारात पोचायला सव्वादहा झाले. मग ती जुनी पेटी काढली, उपरण्यानं गळ्यात अडकवली आणि मी वाजवायला लागलो. भाता एका बाजूनं फाटलाय, श्वास लागलेल्या माणसासारखी वाजते. पोरांना इंग्रजी चालीवरची गाणी पाठ होती, पण मावशीनं फर्माईश केली ती भजनाची, आणि त्याचं धृपद सोडून कुणालाच काही येईना. तिनं उंबऱ्यात खुर्चीवर बसून एकेक ओळ सांगितली, आम्ही मागून म्हटली. तिसऱ्या कडव्याला ती थांबली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, “तो ब्राह्मणपुरीतला पोरगा कुठाय? ठेका कोण धरणार?”

मी म्हटलं, तो बंगळुरात असतो, नातवंडं आहेत त्याला. म्हणाली, “नातवंडांचा आणि ठेक्याचा काय संबंध?”

कॅरोलवाल्या पोरांपैकी एकानं मग टेम्पोच्या फाळक्यावर ठेका धरला. बरा धरला, पण समेवर यायच्या आधी दर वेळी घाई करत होता. तू असतास तर त्याच्या डोक्यात टपली मारली असतीस.

पंचवीसचं सगळं नेहमीसारखंच झालं, ते लिहीत बसत नाही. फक्त लिलाव सांगतो. उपासनेनंतर खेड्यावरच्या लोकांनी अर्पण आणलेल्या वस्तू पुकारल्या: अंडी, गूळ, एक कोंबडा, एक लाल भोपळा. भोपळा मी ऐंशीला घेतला आणि जोशात परत लिलावाला दिला. दुसऱ्यानं दीडशेला घेतला, त्यानंही परत दिला. तिसऱ्या फेरीत कुणी बोली वाढवेना, तेव्हा नव्या वडिलांकडं सगळ्यांनी अशा नजरेनं बघितलं की तोच भोपळा मी दोनशेला घरी आणला. अजून खातोय.

आता महत्त्वाचं. सव्वीस तारखेला मी कपाटाच्या तळातून चर्चचा तबला-डग्गा बाहेर काढला. तबला ठीक आहे, डग्ग्याची पुडी, वरचं कातडं, उंदरानं खाल्लीय. वाद्यांसाठी नावाजलेल्या मिरजेत राहून वाद्य असं सडवलं, याची मला लाज वाटली. पुडी बसवायला टाकलाय.

आणि कॅरोलच्या रात्री मावशीला मी एक थाप मारून ठेवलीय. निघताना तिनं पुन्हा तुझं विचारलं, तेव्हा तोंडातनं निघून गेलं की पुढच्या नाताळला तो येतो म्हणालाय. वाटलं, विसरेल. तिनं उशाखालून डायरी काढली, चष्मा लावला आणि नव्या वर्षाच्या डिसेंबरच्या पानावर तुझं नाव लिहिलं. पुढं ‘तबला’. वेळही विचारली, मी सात सांगितली.

तेव्हा तिकिटाचं बघ.

तुझा,
प्रकाश