मानवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी टिपण : सदस्यांना सूचना

आपल्या अभ्यासगटातील जे सदस्य यंदा मानवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी पुणे अथवा अन्यत्र अर्ज करणार आहेत, त्यांनी आपल्या संशोधनविषयाचे एका पानाचे टिपण येत्या रविवारच्या बैठकीपूर्वी समन्वयकांकडे द्यावे. पात्रतेच्या अटी व शुल्क प्रत्येकाने त्या-त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात स्वतः पाहून घ्यावे.

टिपणात ‘आदिवासी संस्कृतीचा अभ्यास’ असे मोघम लिहू नये. १८२५ मध्ये ब्रिटिश अधिकारी जेम्स आउटरमच्या हाताखाली खानदेशात भिल्ल पलटण उभी राहिली, १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि त्याच राजवटीत माणसांची डोकी व नाके मोजून जातिजमातींची कोष्टके मांडणारे मानवशास्त्रही वाढले. त्यामुळे नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव-अक्कलकुव्यातील भिल्ल किंवा पावरा कुटुंबांविषयी लिहिताना, आपण वापरतो ती माहिती कोणी आणि कशासाठी नोंदवली, हा प्रश्न आधी यावा. सरदार सरोवर धरणामुळे उठलेल्या गावांचा विषय घेतल्यास नुसत्या मुलाखती पुरणार नाहीत. पुनर्वसनाचे आदेश, २००६ चा वनहक्क कायदा, सातबारा आणि पावरी-भिलोरी गाणी एकमेकांशी ताडून वाचावी लागतील. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे, तरी आपली मुले जुन्या कागदांसाठी थेट पुणे-मुंबईच गाठतात, याचे नवल वाटते.

भोंगऱ्या बाजारात (होळीआधीच्या आदिवासी बाजारात) काढलेली छायाचित्रे, ज्यांची काढली त्यांच्या संमतीशिवाय, टिपणाला जोडू नयेत.